आधी फ्लाय, मग लाइन, मग रॉड

मिनेसोटात मेच्या मध्याला वॉलाय आणि नॉर्दर्न पाइक या दोन माशांचा हंगाम उघडतो. उत्तरेकडची तळी तेव्हा बर्फातून नुकती मोकळी झालेली असतात. तिकडे किंवा सीमेपलीकडे ऑन्टॅरिओ-मॅनिटोबात राहणाऱ्या ज्यांना यंदा हे मासे फ्लाय टाकून धरायचे आहेत, त्यांनी दुकानात शिरल्याशिरल्या रॉडच्या रांगेपाशी थांबू नये. खरेदीचा क्रम उलटा ठेवावा. मासा काय खातो ते आधी पाहावं, त्यावरून फ्लाय ठरवावी, फ्लायवरून लाइन आणि लाइनवरून रॉड. रील सगळ्यात शेवटी.

यामागचं कारण फेकण्याच्या पद्धतीत आहे. नेहमीच्या मासेमारीत वजन आमिषाला असतं. ते पुढे जातं आणि दोरा मागून ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेली पिसं, केस नाहीतर फर. तिचं वजन नगण्य. इथे आपण फेकतो ती जाड लाइन, आणि फ्लाय तिच्यामागून जाते. त्यामुळे रॉडवरचा नंबर सांगतो तो त्या रॉडला कोणती लाइन चालेल हे. लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजून हे नंबर ठरले आहेत. 5 नंबरची लाइन 140 ग्रेनची, म्हणजे साधारण 9 ग्रॅम. 8 नंबरची 210 ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. 9 नंबरची 240 ग्रेन, साडेपंधरा ग्रॅम.

ट्राउटची फ्लाय बहुधा नखाएवढी असते, तिला 5 नंबर पुरतो. पाइकची फ्लाय वीतभर लांब. पाइक पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या माशावर एका झेपेत तुटून पडतो, त्यामुळे 5 ते 8 इंचांची, अंगाने भरलेली फ्लाय त्याला दिसते आणि भावते. हवेत तिचा अडथळा मोठा होतो आणि हलकी लाइन तिला पुढे नेऊच शकत नाही.

फ्लाय निवडताना ती कशाची बांधली आहे हे जरूर पाहा. सशाच्या कातडीच्या पट्ट्यांची फ्लाय पाण्यात जिवंत वाटते, पण पाणी पिऊन इतकी जड होते की तासाभरात खांदा भरून येतो. हरणाच्या शेपटीचे केस आणि कृत्रिम तंतू एका झटक्यात पाणी टाकतात. नवख्याने याच फ्लाय घ्याव्यात. लेफ्टीज डिसीव्हर ही जुनी, खात्रीची जात आहे.

पाइकसाठी 8 किंवा 9 नंबरचा, 9 फुटांचा रॉड घ्यावा. लाइन तरंगणारी आणि पुढच्या भागात वजन एकवटलेली हवी; मोठ्या फ्लायला ढकलते ती हीच. वसंतात पाइक उथळ, कोमट खाड्यांमध्ये असतो, तेव्हा तरंगती लाइन पुरते. उन्हाळ्यात मोठे पाइक थंड पाण्याच्या शोधात खोल जातात, तेव्हा बुडणारी लाइन लागते.

आता दात. पाइकच्या खालच्या जबड्यात मोठे सुळे असतात आणि टाळूवर मागे झुकलेल्या बारीक दातांच्या दाट ओळी. साधा नायलॉन त्यावर क्षणात तुटतो. जाड फ्लुरोकार्बन चालतो असं म्हणणारे पुष्कळ आहेत, पण तोही कधीतरी कापला जातो आणि गळ माशाच्या तोंडात राहतो. मला ते पटत नाही. गाठ मारता येणाऱ्या तारेचा फूटभर तुकडा लीडरच्या, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला लावा.

वॉलायचं सगळंच वेगळं. 1965 पासून हा मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याच्या डोळ्यांच्या मागच्या थरावरून उजेड परावर्तित होतो, म्हणून अंधुक आणि गढूळ पाण्यात त्याला छान दिसतं. तो पहाटे, संध्याकाळी किंवा वाऱ्याने पाणी खवळलं असताना खायला निघतो, आणि बहुतेक वेळा तळाशी राहतो. इथे क्लाउझर मिनो वापरावी, 2 ते 4 इंचांची. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी 1980च्या दशकात ती बांधली. गळाच्या दांडीवर डंबेलसारखे जड डोळे असल्याने फ्लाय उलटी होते, गळाचं टोक वर राहतं आणि दगडात अडकत नाही. ओढणं थांबवलं की ती डोकं खाली करून बुडते. वॉलाय बहुतेकदा तेव्हाच तोंड घालतो.

तळ गाठण्याचं काम बुडणारी लाइन करते. सेकंदाला 3 इंच बुडणाऱ्या लाइनला 10 फूट जायला 40 सेकंद लागतात. 6 इंचवालीला 20. फ्लाय पडल्यावर मनात आकडे मोजा आणि मगच ओढायला लागा. लीडर 4 फुटांचाच ठेवा, लांब ठेवला तर लाइन तळाशी जाते आणि फ्लाय वर राहते. वॉलायचे दात धारदार असले तरी विरळ आहेत. तार लागत नाही, 10-12 पौंडांचा फ्लुरोकार्बन पुरे.

पाइकला एक आणि वॉलायला एक असे दोन रॉड परवडत नसतील तर 8 नंबरचा एकच घ्या आणि त्याला तरंगती व बुडणारी अशा दोन लाइनी, रीलच्या दोन स्पूलवर. रीलवर फार खर्च नको. पाइकची धाव जोरकस पण आखूड असते, आणि लाइन तर आपण हातानेच ओढतो. मासा लागल्यावरही रॉड उचलू नये. लाइन हाताने सरळ मागे खेचावी, गळ तेव्हाच नीट रुततो.

वाचलेल्या पैशांतून लांब नाकाची पक्कड घ्या, आणि गळाचा बार्ब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, तिनेच दाबून सपाट करा. मॅनिटोबात बार्ब नसलेला गळ कायद्यानेच सक्तीचा आहे. इतरत्रही तो वापरावा, मासा लवकर सुटतो. पक्कड घरी राहिली असेल तर त्या दिवशी पाइकच्या पाण्यावर जाऊ नका.