पॅसाडीनाचा सागवानी बंगला

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहरात एक जुनं घर विकायचं घाटत होतं. बघायला आलेल्या मंडळींनी खोल्या पाहिल्या आणि आतल्या सगळ्या लाकडाला पांढरा रंग दिला की घर कसं उजळून निघेल, यावर त्यांची आपसांत चर्चा सुरू झाली. ती मालकांच्या कानावर पडली आणि विक्रीचा बेत तिथल्या तिथे बारगळला. गॅम्बल हाउसची ही हकिकत तिथे अजूनही चवीनं सांगितली जाते. ज्या लाकडावर पांढरा कुंचला फिरणार होता, त्यात ब्रह्मदेशातून आलेला साग होता!

हे घर बांधलं डेव्हिड आणि मेरी गॅम्बल या दांपत्यानं. साबणाच्या धंद्यात नाव काढलेल्या ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ कंपनीतले हे गॅम्बल. बिऱ्हाड ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात. तिथली बोचरी थंडी चुकवायला हिवाळ्यात पॅसाडीना गाठायचं. रेल्वे झाल्यापासून पूर्वेकडच्या अनेक धनिकांचा हाच शिरस्ता होता. पॅसाडीनाची हवा कोरडी, ऊन भरपूर, त्यामुळे दम्याचे आणि छातीचे रुग्णही तिथे मुक्कामाला येत. मार्च १९०८मध्ये काम सुरू झालं आणि दहा महिन्यांत घर उभं राहिलं.

वास्तुरचनाकार होते चार्ल्स आणि हेन्री ग्रीन हे सख्खे भाऊ. सेंट लुईसमधल्या ज्या शाळेत ते शिकले, तिथे पुस्तकांच्या जोडीला लाकूडकाम आणि धातुकामही शिकवलं जाई. हातात रंधा आधी आला, वास्तुकलेचं शिक्षण नंतर, बॉस्टनच्या एमआयटीत. वडील डॉक्टर, तेही श्वसनविकारांचे. घरात उजेड आणि वारा खेळता हवा यावर त्यांचा कटाक्ष. १८९३मध्ये आईवडिलांकडे पॅसाडीनाला निघालेले हे भाऊ वाटेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात थांबले. तिथे जपाननं आपल्या सुतारांकरवी एक लाकडी मंडप उभारला होता. वाशांवर तोललेलं छप्पर, उघडे सांधे, रंगाचा लेप नसलेलं लाकूड. ग्रीन बंधूंच्या पुढच्या कामात ही जपानी छाया जागोजागी दिसते.

बंगला हा घरांचा प्रकार मात्र अमेरिकेत गेला तो आपल्याकडून. बंगालमधल्या उतरत्या छपराच्या, बैठ्या घराला ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांनी व्हरांडे जोडले. १८७०च्या आसपास तो इंग्लंडच्या समुद्रकाठी पोचला आणि दहाएक वर्षांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. कॅलिफोर्नियाच्या हवेत त्यानं खरं मूळ धरलं. आपल्याकडे बंगला ही ऐपतीची खूण. अमेरिकेत १९००नंतर तो कारकून-मास्तरांच्या आवाक्यातलं घर झाला. ‘सिअर्स, रोबक’ ही टपालानं माल पाठवणारी कंपनी १९०८पासून चक्क घरंच विकू लागली. कॅटलॉगमधून नमुना निवडायचा, पैसे भरायचे, आणि आगगाडीच्या वाघिणीतून दारं-खिडक्या, खिळ्यांसकट सगळं सामान यायचं. १९४०पर्यंत अशी सत्तर हजारांहून जास्त घरं विकली गेली, आणि त्यांत बंगल्यांना मोठी मागणी होती.

मग आठ हजार चौरस फुटांचं, दोन मजल्यांवर पुन्हा माळा चढवलेलं गॅम्बल हाउस बंगला कसं? हिशेबानं पाहिलं तर नाहीच. अभ्यासकांनी त्याला आणि ग्रीन बंधूंच्या आणखी तीन घरांना ‘अल्टिमेट बंगलो’ म्हणून वेगळ्या पंगतीला बसवलं, तेही काहीसं हात सैल सोडूनच. पण घराला बाहेरून वळसा घातला की हे नाव पटायला लागतं. छप्पर भिंतींच्या पुष्कळ पुढे आलेलं, आणि वाशांची टोकं त्याच्याही पुढे. भिंतींवर हिरवट छटेच्या रेडवुडच्या फळ्या. गच्चीच्या बांधकामात नदीपात्रातले गोटे आणि भट्टीत जास्त भाजून वेड्यावाकड्या झालेल्या खंगर विटा. एरवी गवंडी ज्या बाजूला टाकतो, त्या इथे मुद्दाम निवडून लावल्या आहेत. वरच्या मजल्यावर झोपण्यासाठी तीन उघडे सज्जे आहेत. मोकळ्या हवेत झोपलं की प्रकृती सुधारते, ही त्या काळातली ठाम समजूत. माळ्यावर बिलियर्ड खेळायची खोली योजली होती, पण गॅम्बल कुटुंबात तो खेळ कुणी खेळेना, तेव्हा तिथे अडगळ जमली. तरी माळा फुकट गेला नाही: उन्हाळ्यात घरातली गरम हवा जिन्यातून वर चढायची आणि माळ्याच्या खिडक्यांतून निघून जायची.

आत शिरतानाच समोर येतं काचेचं भलं रुंद दार. त्यावर ओक वृक्ष पसरला आहे. काच एमिल लांग याच्या हातची. सकाळी ऊन काचेतून आलं की दालनातल्या सागावर हिरवा-पिवळा उजेड पडतो. जिन्याचा कठडा पायऱ्यांबरोबर टप्प्याटप्प्यानं चढतो आणि प्रत्येक वळणावर लाकूड लाकडात अडकवलेलं दिसतं. सांधा लपवायचा नाही, उलट त्याचीच नक्षी करायची, ही या घराची रीत. सगळ्या कडा घासून गोलसर केल्यामुळे हात कठड्यावरून निघत नाही. फर्निचरवर आबनूसाच्या चौकोनी काळ्या खुंट्या आहेत. त्या खुंट्यांनीच सांधा धरला असेल असं वाटतं, पण कित्येकींच्या खाली पितळी स्क्रू दडवलेला असतो, आणि लाकूड हवामानाप्रमाणे फुगलं-आकसलं तरी तडा जाऊ नये म्हणून त्याला हलायला जागाही ठेवलेली असते. सांधे उघडे ठेवणाऱ्या घरात केलेली ही लबाडी सुताराला शोभणारीच आहे. जेवणघराला महोगनी, स्वयंपाकघराला मेपल. श्रेय नकाशे काढणाऱ्यांइतकंच पीटर आणि जॉन हॉल या स्वीडनहून आलेल्या भावांना द्यायला हवं. बांधकाम एकाचं, फर्निचर दुसऱ्याचं.

इतकं बारीक काम परवडणारी गिऱ्हाइकं फार काळ टिकली नाहीत. अभिरुची बदलली, चार्ल्स १९१६मध्ये कार्मेलला निघून गेला आणि १९२२मध्ये भावांची भागीदारी संपली. अमेरिकेतल्या वास्तुकारांच्या संस्थेनं त्यांचा गौरव केला तो १९५२मध्ये, दोघंही ऐंशीच्या पुढे गेल्यावर.

गॅम्बल कुटुंबानं १९६६मध्ये घर पॅसाडीना शहराच्या हवाली केलं. अनेक वर्षं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले वास्तुकलेचे दोन विद्यार्थी दर वर्षी तिथे राहायला असत. १९८५च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटात डॉक ब्राउनचं घर म्हणून बाहेरून दिसतं ते हेच. बाहेर डोकावणारे ते देखणे वासे मात्र उन्हापावसानं कुजले होते. २००३-०४ साली त्यांची मोठी दुरुस्ती करावी लागली.

जवळच्याच ब्लॅकर हाउसची दैना झाली ती माणसांच्या हातून. हेही ग्रीन बंधूंचं, १९०७चं. १९८५मध्ये ते विकलं गेलं आणि नव्या मालकानं आतले दिवे उतरवून बाजारात काढले, कारण एकेका दिव्याला भरमसाट किंमत येत होती. शहरात ओरड झाली आणि ग्रीन बंधूंच्या घरांतल्या वस्तू अशा उचकटून नेता येऊ नयेत म्हणून पॅसाडीनानं नियम केला. पुढच्या मालकांनी मूळ नमुन्यांवरून दिवे नव्यानं घडवून घेतले. अस्सल दिवे संग्रहालयांत आणि खासगी संग्राहकांकडे विखुरले आहेत.