आवणीआधी कागद तयार ठेवा : मुलांची शिष्यवृत्ती आणि गावच्या संस्थेला मदत



घोटी-इगतपुरीकडचा भातशेतकरी मृगाच्या आधीच राब भाजून, बियाणं निवडून मोकळा होतो. पाऊस पडायला लागल्यावर बियाणं शोधायला निघालेल्या माणसाला आपण हसतो. पण मुलाच्या शिष्यवृत्तीच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो. निकाल लागतो, प्रवेश मिळतो आणि मग उत्पन्नाच्या दाखल्याची धावपळ सुरू होते. ती येते ऐन आवणीत. खाचरात चिखलणी चाललेली, मजूर मिळत नाहीत आणि तिकडे इगतपुरीला तहसिलीत रांग. दिवस मोडला तर रोप जून होतं, नाही मोडला तर अर्जाची तारीख जाते. म्हणून ही पत्रिका उन्हाळ्यात वाचायची आणि उन्हाळ्यातच कामाला लागायचं.

मदत देतं कोण?

एक देणारं सरकार. दुसरे देणारे म्हणजे ट्रस्ट, प्रतिष्ठानं आणि लोकांनी मिळून उभे केलेले निधी. हा शेवटचा प्रकार आपल्याला नीट माहीत नसतो. गावातल्या, शहरातल्या पुष्कळ लोकांनी थोडे थोडे पैसे एकत्र टाकायचे, मूळ रक्कम शक्यतो मोडायची नाही आणि तिच्या उत्पन्नातून दरवर्षी विद्यार्थ्यांना व संस्थांना मदत करायची, अशी ती रीत. बियाणं राखून ठेवायचं आणि पीक वाटायचं, असं म्हणा ना. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९१४ साली असा पहिला निधी निघाला. त्याच १९१४ साली आपल्या नाशिकात रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे अशा मंडळींनी लोकांच्या मदतीवर मराठा विद्या प्रसारक समाज उभा केला. दोन्हींची तऱ्हा वेगळी, पण लोकांच्या पैशातून लोकांची पोरं शिकवायची ही कल्पना आपल्याला परकी नाही.

पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींच्या राहण्या-जेवण्याची सोय करते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन काढलं, ते महाराष्ट्रातल्या सामाजिक संस्थांच्या पाठीशी उभं राहतं. मुंबईतही १९९१ मध्ये असा सामुदायिक निधी निघाला, पण त्याचं काम मुंबईपुरतं. घोटीच्या माणसानं तिथं अर्ज केला तर टपालाचा खर्च वाया. तेव्हा कुठलाही अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : हा निधी कोणत्या भागासाठी आहे, कोणत्या शिक्षणासाठी आहे, आणि उत्पन्नाची मर्यादा किती.

चौथी गोष्ट म्हणजे, मिळणारा पैसा परत करायचा आहे की नाही. काही ट्रस्ट कर्ज-शिष्यवृत्ती देतात. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी काढलेला निधी असाच, शिकून कमवायला लागल्यावर फेडायचा. त्यात कमीपणा काही नाही, पण सही करताना माहीत असावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनाही लिहून द्यावा लागला होता. अट असते. ती वाचून घ्यायची.

आधी सरकारी दार

ट्रस्टवाले पहिला प्रश्न हाच विचारतात की सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज केला का? म्हणून ते आधी.

मूल आठवीत असेल तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षेला बसवा. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली आणि पुढं अभ्यास टिकवला तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले, हे काही थोडे नाहीत. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येते. शासकीय निवासी शाळेत राहणाऱ्यांना मात्र नाही. अर्ज शाळेमार्फत जातो, तेव्हा हेडमास्तरांना शाळा सुरू होताच गाठा.

दहावीनंतरच्या बहुतेक राज्य योजना महाडीबीटी या एकाच ठिकाणी भरायच्या असतात. अनुसूचित जातीजमातींच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. खुल्या गटातल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, मर्यादा आठ लाख. घराबाहेर राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलाला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो. त्यासाठी सातबारा आणि आठ-अ घेऊन अल्पभूधारकाचा दाखला काढावा लागतो. हा दाखला आपल्या तालुक्यात कित्येकांना मिळू शकेल, पण काढतात थोडे. आदिवासी मुलाला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयं योजनेची चौकशी करावी. आणि मुलींच्या आईबापांनी हे लक्षात ठेवा : २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. "पोरीला इंजिनिअरिंग परवडत नाही" म्हणण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा.

कागद कोणते, आणि कधी

उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणजे १ एप्रिलनंतरच काढता येतो. रोहिणी निघायच्या आत तो हातात आला पाहिजे. आपल्याला मोकळीक असते ती एवढीच. आधी तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल, मग सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ प्रमाणे दाखला देण्याला मुदत बांधलेली आहे. पोचपावती घ्या, तिच्यावरची तारीख पाहा आणि मुदत उलटली तर तीच पावती दाखवून अपील करा. पावती न घेता परत येणारा माणूस कुणाला काही विचारू शकत नाही.

जातीची पडताळणी ही सगळ्यात लांब चालणारी गोष्ट. मूल अकरावी-बारावीत असतानाच ती सुरू करा. यात जुना पुरावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबांचा शाळेचा दाखला, चुलत आजोबांची शाळेतली नोंद, जुनी महसुली नोंद असं काही तरी लागतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाबहिणींची, भाऊबंदांची नोंद शोधा. हे काम आठवड्यात होत नाही. भाऊबंदांपैकी एखाद्याची पडताळणी झालेली असेल तर त्याच्या कागदाचा मोठा आधार मिळतो, तेव्हा बांधाचं भांडण जरा बाजूला ठेवून त्याच्या घरी चहाला जा.

तिसरी अडचण बँकेची. "आधार बँकेत दिलंय की" असं सगळे सांगतात. पण ओळखीसाठी आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि सरकारी पैसा जमा होण्यासाठी खातं आधारशी जोडणं वेगळं. असं जोडलेलं खातं एका वेळी एकच असतं. पैसा त्याच खात्यात जातो, मग ते कधी काळी दुसऱ्या गावी काढलेलं आणि बंद पडलेलं का असेना. मुलाला घेऊन बँकेत जा आणि "शिष्यवृत्तीसाठी हेच खातं जोडलंय का," असं स्पष्ट विचारा. आधार, गुणपत्रिका आणि पासबुक यांवर नाव एकसारखं हवं. एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अर्ज परत येतात.

ट्रस्टला पत्र कसं लिहावं

"आम्ही फार गरीब आहोत, तरी कृपा करून मदत करावी," अशी पत्रं तिथं गठ्ठ्यानं येतात. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याला आकडा हवा. समजा, असं लिहिलं : "माझी मुलगी नाशिकला पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्षाला राहणं-जेवण ४०,०००, पुस्तकं आणि साहित्य ८,०००, प्रवास ६,०००, असा ५४,००० खर्च आहे. शुल्काची सवलत मिळाली आहे. भात विकून आणि दुधातून घरचे २४,००० देऊ शकतो. ३०,००० कमी पडतात." अशा पत्रावर निर्णय करता येतो. घरून काय देणार ते जरूर लिहावं, त्यानं अर्जाला वजन येतं. दुसरीकडून मदत मिळत असेल तर लपवू नका. पुढं कळलं तर आपलं नाव जातंच, शिवाय पुढच्या वर्षी आपल्या गावचा अर्ज संशयानं पाहिला जातो. पत्र मुलानं स्वतः लिहिलेलं बरं.

पदविकेला जाणाऱ्या मुलांनी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टच्या शिष्यवृत्तीची तंत्रनिकेतनात चौकशी करावी. ती खास पदविकेसाठी आहे.

आणि एक सावधगिरी. "दोन हजार द्या, मंजूर करून आणतो" म्हणणारा भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. खरा ट्रस्ट मंजुरीसाठी पैसे मागत नाही. फोनवर आलेला आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो कुणालाच सांगायचा नाही.

गावच्या मंडळाला अनुदान

वाचनालय, मुलींची अभ्यासिका, बालवाडी अशा कामांना अनुदान मिळतं, पण ते नोंदणी झालेल्या संस्थेला. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली सहसा नोंदणी असते, ती नाशिकला धर्मादाय कार्यालयात होते. बचत गटाच्या नावावर हे अनुदान सहसा मिळत नाही.

पुष्कळ गावांत मंडळ नोंदलेलं असतं, पण अडतं ते बदल अर्जावर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. आपण कळवत नाही. मग देणारा जेव्हा परिशिष्ट एकचा उतारा मागतो, तेव्हा त्यावर वारलेल्या अध्यक्षाचं नाव निघतं आणि फाईल मिटते. म्हणून अनुदानाचा विचार डोक्यात आला की आधी तो उतारा काढून पाहा. त्याबरोबर तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, संस्थेचं पॅन आणि संस्थेच्याच नावचं बँक खातं हवं. आयकराची १२-अ आणि ८०-जी नोंदणी असेल तर दारं वाढतात.

गोंदे आणि इगतपुरीकडचे कारखाने आपल्या उशाशी आहेत. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात आणि कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदाच म्हणतो. मात्र ते पैसे घ्यायला संस्थेची सीएसआर-१ ही नोंदणी हवी आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. परदेशी नागरिक झालेल्या मराठी माणसांकडून थेट पैसे घ्यायचे तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली परवानगी लागते. ती नसताना एक रुपयाही घेऊ नका. नव्या, छोट्या मंडळानं घोटी किंवा नाशिकच्या एखाद्या जुन्या नोंदलेल्या संस्थेबरोबर काम करावं, त्यांच्यामार्फत अर्ज जाऊ द्यावा. त्यात वेळ वाचतो.

पैसे मिळाल्यावर पावत्या जपा. संस्थेनं खर्चाचा हिशेब ठरल्या तारखेला पाठवावा. विद्यार्थ्यानं निकाल लागताच गुणपत्रिकेची प्रत पाठवावी आणि दुसऱ्या वर्षाचा अर्ज पुन्हा भरावा, कारण एकदा मंजूर झालं म्हणून पुढच्या वर्षी आपोआप मिळत नाही. आणि आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच. सगळे मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत वरच्या बाजूला ठेवा, झेरॉक्सचे दोन संच वेगळे करून ठेवा.