रस प्या, पण चोथा टाकू नका



लागण, बेणं, खोडवा, खतांच्या मात्रा यांवर आम्ही नेहमी लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. गटाची बैठक संपली की चार पोक्त सभासद बाजूला घेऊन हळूच विचारतात, "साहेब, पोट साफ होत नाही. कुणी गाजराचा रस सांगतं, कुणी उसाचा. खरं काय?" आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे पक्कं समजलं, ते इथं देत आहोत.

बगॅसचा हिशेब

कारखान्यात शंभर टन ऊस गाळला की सुमारे 28 ते 30 टन बगॅस निघतो. रस पुढं जातो, तंतू मागं राहतात. घरी फळाचा रस फडक्यानं गाळला की हेच घडतं. बगॅस आपण बॉयलरला तरी घालतो. घरचा चोथा मात्र थेट उकिरड्यावर जातो. आणि पोटाला खरी गरज त्याचीच असते! हे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. त्यातले बरेचसे पाणी धरून ठेवतात, मळ मऊ आणि भरीव करतात, म्हणजे तो पुढं सरकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 सालच्या शिफारशीप्रमाणे 2000 कॅलरीच्या आहारात सुमारे 30 ग्रॅम तंतू हवेत. शंभर ग्रॅम पेरूत ते पाच ग्रॅमहून अधिक असतात. गाळलेल्या रसात जवळपास नसतातच.

उसाचा रस औषध नव्हे

आम्हीच हे लिहावं याचं काहींना नवल वाटेल, पण खरं ते सांगितलं पाहिजे. उसातली साखर लहान आतड्यातच पचून रक्तात जाते. मोठ्या आतड्यापर्यंत ती पोचतच नाही, मग तिथला मळ मऊ कसा होणार? पाणी पोटात जातं, एवढाच काय तो फायदा. 200 मिलिलिटरच्या पेल्यात 25 ते 30 ग्रॅम साखर सहज असते. उन्हातून आल्यावर हौसेनं प्यावा. मधुमेहाच्या सभासदांनी मात्र दूरच राहावं.

कोणता रस उपयोगी?

आलुबुखार, नासपती आणि सफरचंद यांत सॉर्बिटॉल नावाची वेगळ्या जातीची साखर असते. ती आतड्यात नीट शोषली जात नाही आणि आपल्याबरोबर पाणी ओढून धरते. मुळाशी खत जास्त पडलं की ते मुळातलं पाणी ओढतं, तशीच ही क्रिया. सुक्या आलुबुखारात हिचं प्रमाण सगळ्यांत चांगलं. रात्री पाच-सहा फळं भिजत घालून सकाळी पाण्यासकट कुस्करून घ्यावीत. तीही जास्त घेतली तर पोट फुगतं, जुलाब होतात.

आपल्याकडं सहज मिळणारी पपई, पेरू आणि पुरंदरचं अंजीर तर चावूनच खावं. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी गाजर, काकडी, टोमॅटो किंवा पपई थोडं पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवावी, गाळू नये, साखर घालू नये. सकाळच्या न्याहारीबरोबर पेलाभर घ्यावं आणि थोड्या वेळानं शौचाला बसावं; खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. चोथा वाढवला की पाणीही वाढवावं, नाहीतर उलट मळ घट्ट होतो.

इथं सांभाळा

दुधीचा रस कडू लागला तर घोटभरही पिऊ नये. कडू दुधीतल्या विषारी द्रव्यानं माणसं दगावलेली आहेत. बीटाच्या रसानं शौच आणि लघवी लाल होऊ शकते, घाबरू नये. पालकाचा रस मुतखडा असणाऱ्यांनी टाळावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच रस नको. वर्षाखालच्या मुलाला घरच्या घरी रस पाजू नये.

मूळ दुखणं

रसाच्या पेल्यानं सगळं भागत नाही. रात्रपाळीची वीज, मोटर चालू करायची घाई, त्यात शौचाची वेळ मारली जाते. आलेली कळ दाबत गेलं की पुढं ती येईनाशीच होते. आमच्या भगिनींची अडचण याहून मोठी. फडात आडोसा नाही म्हणून खुरपणीला, तोडणीला आलेल्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि हे दुखणं मागं लागतं. फडाजवळ आडोशाची आणि पाण्याची सोय करणं बागायतदाराच्या हातचं आहे. चार बांबू आणि पोत्याचं कापड, खर्च किती तो? हे काम प्रत्येक सभासदानं या हंगामात करावं, अशी आमची आग्रहाची विनंती.

जमालगोट्यासारखे जालीम उपाय कुणाच्या सांगण्यावरून करू नयेत. शौचात रक्त दिसलं, वजन कारण नसता उतरू लागलं, पन्नाशीनंतर सवय एकाएकी बदलली, किंवा पोट फुगून उलट्या होऊन वारासुद्धा सरेना, तर रस-बिस बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. यात लाज कसली? उसाला रोग दिसला की तुम्ही त्याच दिवशी आम्हांला बांधावर बोलावता. तीच तत्परता स्वतःच्या देहासाठी दाखवा.

— ऊस विकास अधिकारी