जाळण्यासाठी बांधलेली घरं

पुदुच्चेरीच्या अरविंदाश्रमातलं ‘गोलकोंडा’ हे वसतिगृह वास्तुकलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. भिंतींच्या जागी वारा खेळवणाऱ्या आडव्या झडपा, काँक्रीटमध्येही जपलेली शांतता. त्याचा वास्तुकार अँटोनिन रेमंड याच्या मागावर मी अनेक वर्षं आहे. कारण गोलकोंडानंतर काही वर्षांतच त्यानं जी घरं बांधली, ती बेचिराख करण्यासाठी होती.

मूळचा चेक असलेला रेमंड १९१९मध्ये फ्रँक लॉइड राइटबरोबर टोकियोला गेला आणि जवळपास दोन दशकं तिथंच रमला. जपानी घराचं लाकूड, कागदी सरकती दारं, तातामी चटया यांची त्याच्याइतकी जाण फार थोड्या परदेशी माणसांना होती. १९४३मध्ये अमेरिकी सैन्याला नेमकी तीच हवी होती. युटाच्या वाळवंटात, डगवे इथं, त्यानं जपानी वस्ती उभारून दिली. लाकूड जपानी लाकडाशी मिळतंजुळतं निवडलं, आत तातामी अंथरल्या. वर एम-६९ बॉम्ब टाकायचे, घरं किती वेगानं पेटतात ते मोजायचं, पुन्हा बांधायची, पुन्हा जाळायची. बॉम्बमध्ये हार्वर्डच्या लुई फीझरनं १९४२मध्ये शोधलेला, जिथं पडेल तिथं चिकटून जळणारा नापाम होता. ९-१० मार्च १९४५च्या एका रात्रीत हेच बॉम्ब टोकियोवर पडले आणि सुमारे एक लाख माणसं गेली. युद्ध लवकर संपावं म्हणून हे काम केलं, पण त्याचा अभिमान नाही, असं रेमंडनं आत्मचरित्रात नोंदवलं आहे. युद्धानंतर तो त्याच टोकियोत पुन्हा इमारती बांधू लागला.

कायदा तेव्हा कुठं होता? १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यानं ४०० ग्रॅमहून हलक्या स्फोटक आणि ज्वालाग्राही गोळ्या निषिद्ध ठरवल्या होत्या. त्यात सैनिकाच्या देहाची कणव होती. पावणेतीन किलोच्या एम-६९खाली झोपलेल्या शहराचा विचार नव्हता. तो व्हायला व्हिएतनामची होरपळ घडावी लागली. १९८०च्या जिनिव्हा कराराच्या तिसऱ्या प्रोटोकॉलनं नागरी वस्तीतल्या लष्करी लक्ष्यांवरही विमानातून आगबॉम्ब टाकण्यास मनाई केली.

पण जमिनीवरून डागलेल्या अस्त्रांना त्यानं सवलत ठेवली. शिवाय व्याख्येत बसतं ते मुख्यतः आग लावण्यासाठी वा भाजण्यासाठीच घडवलेलं अस्त्र. धुरासाठी बनवलेला पांढरा फॉस्फरस त्यातून निसटतो. २००४मध्ये इराकमधल्या फलुजात अमेरिकी सैन्यानं तो शत्रूला आडोशाबाहेर काढण्यासाठी वापरला, हे अमेरिकी तोफखान्याच्याच नियतकालिकानं २००५मध्ये छापलं. तरीही त्यानंतर सरकारी प्रतिनिधींनी आधी इन्कार केला आणि नोव्हेंबरमध्ये पेंटागॉननं कबुली दिली.

डगवेत हेतू लपलेला नव्हता. तिथं जाळायचं होतं ते घरच. आज हेतू धुराचा आहे म्हटलं की कायदा बाजूला सरतो. भाजलेल्या माणसाला तो फरक काय कामाचा? अस्त्र कशासाठी बनवलं यापेक्षा त्यानं काय होतं, यावर व्याख्या बेतली पाहिजे आणि जमिनीवरून डागण्याची सवलत रद्द झाली पाहिजे. १९८४पासून या कराराशी बांधील असलेल्या भारतानं ही मागणी जिनिव्हात ठामपणे मांडायला हवी.