मूत्रातील युरोमोड्युलिन : आरोग्य आणि मूत्रपिंडविकार यांच्या सीमेवरील एक प्रथिन

बीजसंज्ञा : युरोमोड्युलिन, टॅम-हॉर्सफॉल प्रथिन, हेन्लेचा पाश, क्षारसंवेदी रक्तदाब, आनुवंशिक मूत्रपिंडविकार, खारपाणपट्टा

प्रस्तावना

सीताबर्डी, धंतोली किंवा रामदासपेठ परिसरातील कोणत्याही रोगनिदान प्रयोगशाळेत मूत्रतपासणी केली असता निरोगी व्यक्तीच्या अहवालात ‘प्रथिने : नाहीत’ अशी नोंद आढळते. ही नोंद पाहून आपण निश्चिंत होतो आणि बहुतेक वेळा ते योग्यही असते. परंतु शास्त्रीय दृष्ट्या पाहता ही नोंद अक्षरशः खरी नसते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या मूत्रातून दररोज सुमारे १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिने बाहेर पडतात, आणि त्यांत सर्वाधिक वाटा असणारे एकच प्रथिन म्हणजे युरोमोड्युलिन होय. तपासणीची रंगीत पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला प्रतिसाद देते. तेही डेसिलिटरमागे साधारणतः १५ ते ३० मिलिग्रॅम असल्याशिवाय रंग बदलत नाही. युरोमोड्युलिन या पट्टीला जवळजवळ दिसतच नाही.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. अल्ब्युमिन रक्तातून गाळणीची भिंत ओलांडून मूत्रात येते, म्हणून त्याचे दिसणे हे गाळणी बिघडल्याचे लक्षण ठरते. युरोमोड्युलिन मात्र रक्तातून गळून येत नाही. मूत्रपिंड ते स्वतः तयार करते आणि हेतुपूर्वक मूत्रात सोडते. म्हणजे एका प्रथिनाचे असणे चिंतेचे, तर दुसऱ्याचे नसणे चिंतेचे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रथिनाचे कार्य, त्याचे विकार आणि विदर्भाच्या संदर्भात त्याचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

शोधाचा इतिहास

या प्रथिनाचा शोध एकदा नव्हे, तर अनेकदा लागला. १८७३ मध्ये कार्लो रोविदा या इटालियन वैद्याने मूत्रातील सूक्ष्म दंडगोलाकार साच्यांतील द्रव्याला ‘सिलिंड्रिना’ असे नाव दिले होते. पुढे १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल हे इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचा अभ्यास करीत असताना मानवी मूत्रातील एक द्रव्य या विषाणूमुळे होणारे रक्तपेशींचे गोठण रोखते, असे त्यांना दिसून आले. ते द्रव्य वेगळे करण्याची त्यांची रीत आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. मूत्रात मिठाचे प्रमाण लिटरला सुमारे ३४ ग्रॅमपर्यंत वाढवले की हे प्रथिन साक्याच्या रूपाने खाली बसते. आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही हे सहज करून पाहता येईल. मिठाशी असलेले हे नाते पुढे पुन्हा येणार आहे.

१९८५ मध्ये मचमोर आणि डेकर यांनी गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून प्रतिकारशक्तीचे नियमन करणारे एक प्रथिन मिळवले व त्याला युरोमोड्युलिन हे नाव दिले. १९८७ मध्ये जनुकीय क्रम हाती आल्यावर हे नवे प्रथिन आणि टॅम-हॉर्सफॉल प्रथिन एकच असल्याचे स्पष्ट झाले. प्रतिकारशक्तीवरील त्याचा मूळचा दावा नंतर बराच मवाळ करावा लागला. नाव मात्र टिकले.

रचना आणि निर्मिती

मूत्रपिंडाच्या प्रत्येक नेफ्रॉनमध्ये हेन्लेचा पाश नावाचा केसाच्या चापासारखा वळलेला भाग असतो. त्याच्या वर चढणाऱ्या जाड भुजेतील पेशी युरोमोड्युलिन तयार करतात. त्याचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर असून प्रथिनाची साखळी ६४० अमिनो आम्लांची आहे. तीत ४८ सिस्टीन असून त्यांच्या जोड्यांतून गंधकाचे २४ पूल बांधले जातात. इतके पूल अचूक जुळवणे हे पेशीच्या दृष्टीने मोठे जिकिरीचे काम आहे, आणि पुढे वर्णिलेल्या आनुवंशिक विकाराचे मूळ येथेच आहे.

तयार झालेले प्रथिन पेशीच्या मूत्राकडील पृष्ठभागावर नांगरलेले असते. हेप्सिन नावाचे विकर ते तोडते. मोकळे झालेले रेणू एकमेकांत गुंफले जाऊन लांब तंतू बनतात. २०२० मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या प्रतिमांत हे तंतू नागमोडी कणा आणि त्यातून बाजूंना निघालेल्या भुजा अशा स्वरूपात दिसले. माशाच्या काट्याची आठवण यावी अशी ही रचना आहे.

संरक्षक कार्य

मूत्रमार्गाच्या संसर्गास बहुधा कारणीभूत ठरणारा ई. कोलाय हा जिवाणू आपल्या केसांसारख्या उपांगांच्या टोकाने मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज शर्करेला पकडतो. युरोमोड्युलिनच्या भुजांवरही तशीच शर्करा असते. जिवाणू या आमिषाला चिकटतो, तंतूंच्या जाळ्यात गुंतून त्यांचे पुंजके होतात आणि ते मूत्राबरोबर वाहून जातात. ज्या उंदरांतील हे जनुक काढून टाकले त्यांना असा संसर्ग अधिक सहजपणे होतो, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. त्याच उंदरांत विशिष्ट परिस्थितीत कॅल्शियमचे स्फटिकही अधिक साचले. मुतखड्याच्या संदर्भात मात्र चित्र इतके सरळ नाही. विरळ मूत्रात हे प्रथिन स्फटिकांना एकमेकांस चिकटू देत नाही. परंतु ते स्वतःच गोळा होऊ लागले तर त्याचे हे सामर्थ्य कमी होते.

वैदर्भीय वाचकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घामावाटे पाणी निघून जाते, मूत्र दाट, आम्लधर्मी व क्षारयुक्त होते, आणि नेमक्या अशाच परिस्थितीत युरोमोड्युलिन साकळते. टॅम आणि हॉर्सफॉल यांनी काचपात्रात मीठ घालून जे घडवले, तेच अल्प प्रमाणात नलिकेत घडते. उन्हात श्रम केलेल्या निरोगी माणसाच्या मूत्रातही म्हणून पारदर्शक दंडगोल साचे दिसू शकतात. त्यांचा गाभा युरोमोड्युलिनचाच असतो आणि केवळ त्यांच्यावरून आजाराचे निदान करू नये. मज्जापेशींच्या कर्करोगात, म्हणजे मायलोमात, मात्र रक्तातील अतिरिक्त प्रतिपिंडखंड याच प्रथिनाशी बांधले जाऊन घट्ट साचे बनतात आणि मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते.

मीठ, रक्तदाब आणि खारपाणपट्टा

हेन्लेच्या पाशाची जाड भुजा गाळल्या गेलेल्या सोडियमपैकी सुमारे एक चतुर्थांश परत शोषून घेते. या शोषणाचे काम करणाऱ्या वाहक प्रथिनाला युरोमोड्युलिन अधिक कार्यशील करते. २००९ मध्ये हजारो व्यक्तींच्या जनुकसंचाच्या तुलनेतून असे आढळले की, या जनुकाजवळील एक सर्वसामान्य भेद दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या जोखमीशी निगडित आहे. २०१३ मध्ये त्याचे कारणही पुढे आले. जोखमीच्या भेदामुळे युरोमोड्युलिन अधिक तयार होते, मीठ अधिक शोषले जाते आणि मिठाला संवेदनशील असा उच्च रक्तदाब उद्भवतो. असा भेद असणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांना, याच वाहकाला रोखणाऱ्या फ्युरोसेमाइडचा अधिक उपयोग झाला.

जोखमीचा हा भेद दुर्मीळ नाही. युरोपीय वंशाच्या लोकसमूहांत जनुकाच्या सुमारे ८० टक्के प्रती याच प्रकारच्या आहेत. जे हानिकारक आहे ते इतके सर्वत्र कसे, हा प्रश्न साहजिकच पडतो. अधिक युरोमोड्युलिन म्हणजे संसर्गापासून अधिक रक्षण, आणि प्रतिजैविकांपूर्वीच्या जगात हा सौदा फायद्याचा होता, असे एक मत आहे. ते प्रस्तुत लेखकास पटण्याजोगे वाटते. तारुण्यातील लाभाची किंमत उतारवयात रक्तदाबाच्या रूपाने चुकवावी लागते.

येथे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा विचार अपरिहार्य ठरतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील शेकडो गावांत भूजल मुळातच खारट आहे आणि तेथील मूत्रपिंडविकारांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून तसेच विधिमंडळात वारंवार मांडला गेला आहे. सर्व दोष पाण्याला देणे घाईचे होईल. मधुमेह, रक्तदाब, उन्हातील श्रम, वेदनाशामक गोळ्यांचा वापर हे सारे घटक तेथे एकत्र नांदतात. परंतु दीर्घकाळ सोडियमयुक्त पाणी पिणाऱ्या लोकसमूहात मीठशोषणाचे नियमन करणाऱ्या प्रथिनाचे मोजमाप करणे हा संशोधनाचा रास्त विषय आहे. त्यासाठी नमुना हाताळण्याची काळजी मात्र हवी : मूत्र वेगाने फिरवून गाळ टाकून दिला तर साकळलेले युरोमोड्युलिन त्या गाळाबरोबरच जाते आणि प्रमाण खोटेच कमी दिसते.

कुटुंबात उतरणारा विकार

२००२ मध्ये असे सिद्ध झाले की, या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे एक आनुवंशिक मूत्रपिंडविकार होतो. अनेकदा बदलते ते एखादे सिस्टीन. मग गंधकाचे पूल चुकतात, चुकीचे घडी पडलेले प्रथिन पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत अडकून राहते आणि पेशी हळूहळू नष्ट होतात. मूत्रात युरोमोड्युलिन घटते. आईवडिलांपैकी एकास हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते.

या विकाराचा चकवा असा की, मूत्र स्वच्छ असते. त्यात रक्त नसते, अल्ब्युमिन नसते किंवा अत्यल्प असते, आणि अहवालावर तीच परिचित नोंद असते : ‘प्रथिने : नाहीत’. पहिली खूण बहुधा वाढलेले युरिक आम्ल आणि ऐन तारुण्यात पायाच्या अंगठ्यास सुजवणारा गाउट ही असते. तो सांध्याचा आजार समजून उपचार होतात, क्रिएटिनिन वर्षानुवर्षे तपासले जात नाही, आणि पन्नाशीच्या आगेमागे, कधी त्याहून बरेच आधी, डायलिसिसची वेळ येते. खारपाणपट्ट्यातील एखाद्या घरात वडील, काका आणि मुलगा यांना हा आजार झाला तर त्याचे खापर पाण्यावर फोडले जाणे स्वाभाविक आहे. परंतु शेजारची घरे तेच पाणी पीत असतील तर कुटुंबाचा वृत्तांत विचारणे अगत्याचे ठरते.

या विकारावर अद्याप विशिष्ट औषध नाही. गाउटवर उपचार होतात, रक्तदाब आटोक्यात ठेवता येतो, आणि प्रत्यारोपित मूत्रपिंडात हा आजार परत उद्भवत नाही, कारण नव्या पेशींत निर्दोष जनुक असते. मात्र आपल्याकडे मूत्रपिंडाचे दाते बहुतांशी जवळचे नातेवाईक असतात. भाऊ पुढे येतो, बहीण पुढे येते, कधी प्रौढ मुलगी येते. त्यांचे मूत्र स्वच्छ, क्रिएटिनिन त्या वयात मर्यादेत, आणि नेहमीच्या तपासण्यांत ते दाता म्हणून योग्य ठरतात. तरीही त्यांच्यात तेच उत्परिवर्तन असू शकते. तसे असल्यास दात्याजवळ एकच मूत्रपिंड उरते, तेही क्षय पावणारे, आणि रुग्णास मिळालेले मूत्रपिंडही त्याच दोषाचे असते. रुग्णाच्या कुटुंबात कारण न कळलेला मूत्रपिंडविकार व तरुणपणीचा गाउट असल्यास आधी रुग्णाची आणि त्यात उत्परिवर्तन सापडल्यास दात्याची जनुकीय चाचणी शस्त्रक्रियेपूर्वीच करावी लागते.