जुनी ट्रॉली, हलके ओझे

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सकाळच्या पाळीच्या वेळी एकदा येऊन पाहा. लक्ष्मी टेकडीकडून आत वळणाऱ्या रस्त्यावर कंटेनर असतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांच्यामधून वाट काढत डुगडुगत चाललेली एखादी वैरणीची छोटी ट्रॉलीही असते. कारखान्यांच्या कुंपणाला लागून अजून शेती आहे, गोठे आहेत. दिवसा मशीनवर उभा राहणारा माणूस संध्याकाळी म्हशीला वैरण आणायला जातो. आज मला बोलायचे आहे ते या दोन चाकांच्या धाकट्या ट्रॉलीविषयी.

माझी या वसाहतीत फॅब्रिकेशनची लहानशी शेड आहे. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आठ दिवस आधी कसबा सांगावहून माझा भाचा आला. मागे एक गंजलेली ट्रॉली. मूळची पॉवर टिलरची, कित्येक वर्षे बाभळीखाली पडून होती. आता त्याने छोटा ट्रॅक्टर घेतला होता. वैरण, दुधाचे कॅन, ठिबकच्या नळ्या, रोपे एवढेच न्यायचे होते.

"मामा, पत्रा ठोकून रंग तेवढा मारून द्या. खंडेनवमीला पूजेत उभी करायची आहे."

मी म्हणालो, "रंग सगळ्यात शेवटी." तो हिरमुसला. पण या एका वाक्यामागे माझी जुनी चूक आहे, ती आधी सांगतो.

२००३ सालची गोष्ट. माझ्या धाकट्या भावानेही अशीच ट्रॉली आणली होती, तीही खंडेनवमीच्या तोंडावर. मी एका दिवसात पत्रा सरळ केला, वर झकास निळा रंग मारला. झेंडूची माळ घातल्यावर ती नवरीसारखी दिसत होती. दिवाळीनंतर भर रस्त्यात तिचे डावे चाक निखळले आणि घरंगळत पंक्चरवाल्याच्या टपरीत शिरले. पंक्चरवाला चहाला गेला होता, म्हणून वाचला. त्याचे स्टूल मोडले. तो रोज त्याच स्टुलावर बसायचा. मी हबचे टोपण उघडून पाहिले असते, तर फुटलेले बेअरिंग मला तेव्हाच दिसले असते. भाऊ मला काहीच बोलला नाही. ते जास्त लागले.

म्हणून जुनी ट्रॉली हाती आली की खालून सुरुवात करायची. ट्रॉली रिकामी करा, चाकांना दगड लावा, जॅकवर उचला आणि खाली भक्कम टेकू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. मग धुऊन काढा. शेणखत आणि रासायनिक खताचे पाणी सांध्यात मुरते आणि लोखंड आतून खाते. वरून पापुद्रा शाबूत दिसतो. हातोडीने हलके ठोकत जा. चांगले लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते. जिथे बद्द वाजेल तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाहा. भाच्याच्या ट्रॉलीचा तळाचा पत्रा चार ठिकाणी आरपार गेला, पण खालचे चॅनल ठणठणीत होते. चॅनल गेले असते तर मी ती भंगारात द्यायला सांगितले असते.

नंतर एक्सल. दोन्ही चाकांच्या टायरमधले अंतर एक्सलच्या उंचीवर पुढून मोजा आणि मागून मोजा. फरक आला किंवा टायर एकाच अंगाने झिजलेले दिसले, तर एक्सल वाकला आहे असे समजा. मग हब उघडा. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन उजेडात फिरवून पाहा. खड्डे दिसले, निळसर झाक दिसली, तर ते तापून गेले आहे, बदलाच. बसवताना नवे ग्रीस भरा, नवे सील घाला. चाक हाताने फिरवत नट आवळा आणि मग किंचित सैल करा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण वर-खाली धरून हलवले तर खडखडता कामा नये. स्प्लिट पिन नेहमी नवी. जुनी सरळ करून घातलेली पिन कधी तुटेल याचा नेम नाही. पहिल्या फेरीनंतर थांबून हबला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर परत उघडा.

यानंतर दांडी, म्हणजे ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारा भाग. हिच्यातली चीर डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी फौंड्रीतली जुनी युक्ती आहे. जागा घासून साफ करा, रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा आणि वर खडू फासा. चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलवरही काम भागते. भाच्याच्या दांडीवर जोडाशेजारी बोटभर रेघ उमटली. तो बघतच राहिला.

अशा चिरेवर नुसता वेल्डिंगचा थर चढवला तर आतली चीर तशीच राहते आणि पुढे सरकते. चिरेच्या टोकाला छोटे भोक पाडायचे, म्हणजे ती तिथे थांबते. चीर ग्राइंडरने खोल उघडायची, मग भरायची आणि वरून जोडपट्टी द्यायची. वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या जागेजवळच लावा. ती भलतीकडे लावली आणि विद्युतप्रवाह बेअरिंगमधून गेला, तर नव्या बेअरिंगलाही खड्डे पडतात. हुकाचे भोक झिजून लांबट झाले होते, त्यात बुश बसवला. पिनेला निसटू न देणारी क्लिप आणि जोडीला साखळी. पिन गेली तरी दांडी रस्त्यावर आपटू नये, यासाठी ही साखळी.

आता बदल कोणते करायचे? इथे वजनाचा हिशेब येतो. भाच्याचा हौदा सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे ३६ घनफूट. ब्रासच्या भाषेत एक तृतीयांशाहून थोडे जास्त, कारण १०० घनफुटांचा एक ब्रास. या हौद्यात हिरवी वैरण सैल भरली तर तीन-चारशे किलोच्या आत बसते. पाणी भरले तर एक टन होते. ओली वाळू काठोकाठ भरली तर दीड ते दोन टन! हौदा तोच, पण ओझे पाचपट. मोडतात त्या ट्रॉल्या अशाच मोडतात. जागा आहे म्हणून आपण भरत जातो.

म्हणून मी भाच्याला सांगितले, हौद्याची भिंत एका फुटावर आणू आणि वर काढता-घालता येणारी जाळी देऊ. जाळीत वैरण मावेल, वाळू मावणार नाही. मागचा फाळका निघणारा केला. तळाला नवा पत्रा टाकून कोपऱ्यांत पाणी निघायला भोके ठेवली, बाजूंना दोर बांधायला कड्या दिल्या.

माल कुठे ठेवायचा, हे तर बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगावेच लागत नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळते, पुढे आले की बैलांच्या मानेवर येते. ट्रॉलीचेही तेच. ओझे एक्सलच्या किंचित पुढे हवे. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग दांडीवर आला की ट्रॉली सरळ चालते. मागे वजन गेले तर ती शेपटी हलवू लागते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. आमची ट्रॉली अडीचशे किलोची, माल पाचशे किलो, म्हणजे दांडीवर पंचाहत्तर किलो. धान्याचा वजनकाटा दांडीखाली हुकाच्या उंचीवर ठेवून आम्ही ते मोजले. आणि या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, हे विसरू नका. उतारावर मागचे ओझे ट्रॅक्टरला ढकलते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका.

दिव्यांची वायर ओढताना अर्थ हुकावर सोडू नका. हूक गंजलेला असतो, हलतो, दिवा लुकलुकतो. वेगळी वायर ओढा. मागे लाल आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावा. रात्री महामार्गावर न दिसणारी ट्रॉली किती घरे उघडी पाडते, हे ऊसपट्ट्यात कुणाला सांगायला नको.

आणखी एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते आणि नोंदवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून एमएच-०९ ची पाटी लावणाऱ्या आपण मंडळींनी ग्राइंडर चालवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. आम्हीही भिंत कापण्याआधी कागद पुरे केले. आणि ट्रॉली मालासाठी आहे, तिच्यात माणसे बसवू नका.

या सगळ्यात आठ दिवस गेले. खंडेनवमीला ट्रॉली पूजेत उभी राहिली ती नुसत्या रेड ऑक्साइडच्या प्रायमरमध्ये. शेजारचे हसले. माळ मात्र तिलाही घातली. निळा रंग दिवाळीनंतर चढला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जीपमागे छोटा ट्रेलर जोडत, त्याला 'पाव टनी' म्हणत. किती ओझे न्यायचे ते नावातच होते. मला ते आवडते. म्हणून फाळक्याच्या आतल्या बाजूला, माल भरणाऱ्याला दिसेल असे, मी पांढऱ्या रंगात लिहिले : '५०० किलो'. परवा गल्लीतले एकजण घराच्या कामाला वाळू आणायला ट्रॉली मागायला आले. भाच्याने फाळका उघडून त्यांना तो आकडा दाखवला आणि चहा पाजून परत पाठवले.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)