वादळाची रेषा आणि वादळाचं पाणी

अटलांटिकमधल्या हरिकेनचे नकाशे तुम्ही पाहिले असतीलच. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात सुरू झालेली रेषा कॅरिबियनकडे जाते, मग उत्तरेला वळते आणि शेवटी ईशान्येकडे निघून जाते. ही वाट मुख्यतः भोवतालचे वारे ठरवतात. उत्तर अटलांटिकवर जो मोठा उच्च दाबाचा प्रदेश असतो, त्याच्या दक्षिणेकडचे व्यापारी वारे वादळाला पश्चिमेकडे नेतात. त्या प्रदेशाच्या पश्चिम कडेला पोचलं की वादळ उत्तरेला वळतं आणि पुढे पश्चिमी वाऱ्यांच्या तावडीत सापडतं.

इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ होतो तो पुढे, या रेषेवरून नुकसान मोजायला गेलं की.

अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा 'हर्डॅट-२' हा डेटा १८५१ पासूनचा आहे. त्यात साधारण दर सहा तासांनी वादळाच्या केंद्राची जागा आणि वाऱ्याचा कमाल वेग मिळतो. पाऊस त्यात नाही, किनाऱ्यावर चढलेलं समुद्राचं पाणीही नाही. १ ते ५ ही कॅटेगरीसुद्धा ठरते ती फक्त वाऱ्याच्या वेगावरून.

आता २०१७ चं 'हार्वी' बघा. २५ ऑगस्टच्या रात्री ते टेक्ससमध्ये रॉकपोर्टजवळ धडकलं तेव्हा कॅटेगरी ४ मध्ये होतं. दुसऱ्या दिवशी वारा ओसरून ते नुसतं 'ट्रॉपिकल स्टॉर्म' उरलं. पण त्याला पुढे नेणारे वारेच कमकुवत होते, त्यामुळे ते त्याच भागात दिवसचे दिवस रेंगाळलं. रॉकपोर्टपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरचं ह्यूस्टन पाण्याखाली गेलं. टेक्ससमध्ये काही ठिकाणी दीड मीटरहून जास्त पाऊस पडला. वादळाने थेट घेतलेल्या ६८ बळींपैकी ६५ जण पावसाच्या पुरात गेले. २००१ चं 'ॲलिसन' तर हरिकेन कधी झालंच नाही, तरी त्यानेही ह्यूस्टन बुडवलं. इतकं, की ते नाव पुन्हा न वापरण्याचा निर्णय झाला.

म्हणजे 'कॅटेगरी ३ च्या वरचीच वादळं घेऊ' असा फिल्टर तुम्ही लावलात, तर ॲलिसन तुमच्या अभ्यासातून आधीच बाद! म्हणून पहिला प्रश्न हा ठरवा: तुम्हाला वारा अभ्यासायचाय, पाऊस, की किनाऱ्यावर चढणारं पाणी? पावसासाठी पर्जन्यमापक, रडार आणि उपग्रहांचा डेटा जोडावा लागेल. किनाऱ्यासाठी भरती-ओहोटी मापकांच्या नोंदी लागतील.

रेषा मात्र टाकून देऊ नका. लागोपाठच्या दोन नोंदींमधलं अंतर भागिले वेळ, एवढं केलंत तरी वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग मिळतो. फक्त दर वेळी डोळे झाकून सहा तास धरू नका, कारण किनाऱ्याला धडकण्याच्या क्षणाची नोंद मध्येच येते. नकाशावर ठिपके जिथे एकमेकांना चिकटलेले दिसतील, तिथे आधी पावसाचे आकडे काढून बघा.